घरची तुती: काडीपासून वाटीभर फळांपर्यंत

तुती जगवणे अवघड नाही. पावसाळ्यात कुंपणाला खोचलेली काडीसुद्धा पालवते. अवघड आहे ते फळ. गच्चीवर तुती लावलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते: झाड डोक्याच्या वर गेले, पाला हिरवागार आहे, पण तुती काही लागत नाही. याची कारणे मोजकी आहेत. काडी भलत्याच झाडाची आणलेली असते, छाटणी झालेली नसते किंवा नको तिथून झालेली असते, ऊन कमी पडते, नाहीतर खताचा मारा जास्त होतो. दुकानात मिळणारे फळधारणेचे टॉनिक यातल्या एकाही कारणावर उपाय नाही.

काडी कोणत्या झाडाची

महाराष्ट्रात तुतीची काडी सहज मिळते ती रेशीमशेतीमुळे. मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि जालना भागात, छाटणीनंतर काड्यांच्या मोळ्या बांधावर पडलेल्या असतात आणि मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. पण या शेतांत बहुतांशी व्ही-१ ही जात असते. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने ती नव्वदच्या दशकात आणली, आणि निवडली ती पानासाठी. रेशीमअळीला मोठे, जाड, रसदार पान हवे असते. फळाशी तिला देणेघेणे नाही. अशी काडी लावली तर अळ्यांचे जेवण तयार होईल, तुमचे नाही.

घरासाठी फळाची जात घ्यावी. रोपवाटिकेत साधारण तीन प्रकार दिसतात. पहिली आखूड जांभळी तुती: फळ दोन-तीन सेंटीमीटरचे, आंबटगोड, पिकल्यावर जवळजवळ काळे. महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात मलबेरी म्हणून विकायला असते त्या धाटणीची. दुसरी लांब तुती: बोटाएवढी किंवा त्याहून लांब, गोड, आंबटपणा नावाला. तिसरी पांढरी: पिकली तरी हिरवट-पांढरी राहणारी आणि निव्वळ गोड. कुंडीत पहिल्यांदाच लावणाऱ्याने आखूड जांभळी घ्यावी. तिची काडी सहज रुजते, झाड लहान असतानाच फळते आणि चवीला तीच उजवी आहे. लांब तुतीची काडी रुजायला नखरे करते, म्हणून तिचे कलमी रोपच घेतलेले बरे.

तुतीत नर आणि मादी फुले वेगळी असतात. काही झाडांवर दोन्ही येतात, काहींवर एकच. नर झाडाला कितीही जपले तरी फळ येणार नाही. ओळख सोपी आहे. नर फुलोरा लांबट, सैल, लोंबणारा असतो, त्यातून पिवळसर धूळ उडते आणि चार दिवसांत तो वाळून गळून जातो. मादी फुलोरा आखूड, घट्ट आणि हिरवा असतो, त्यावर बारीक पांढरे केस दिसतात, आणि तोच पुढे फुगून तुती होतो. (पांढऱ्या तुतीचे नरफूल परागकण फेकते ते ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने. वनस्पतींमधल्या सर्वांत वेगवान हालचालींत या फेकीची गणना होते. पण तिचे कौतुक करायला नर झाड कुंडीत पोसायचे कारण नाही.) मादी झाडाशेजारी नर नसला तरी बहुतेक जातींत फळ धरते, फक्त बी पोचट राहते. थोडक्यात, ज्या झाडाला फळे लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली त्याचीच काडी घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड हेरून ठेवा, जूनमध्ये काडी आणा.

काडी रुजवणे

पाऊस लागला की जून-जुलै हा उत्तम काळ. सहा ते आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, तपकिरी साल धरलेली फांदी निवडा. शेंड्याची हिरवी लवचीक काडी कुजते, आणि अंगठ्याहून जाड जुने लाकूड रुजायला फार वेळ घेते. १५ ते २० सेंटीमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार डोळे, म्हणजे फूट निघायच्या कळ्या, हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या सेंटीमीटरभर वर आणि सरळ. हा फरक दिसण्यासाठी नाही. काडी उलटी लावणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि तिरका काप पाहून ती टळते. कात्री धारदार असू द्या. चेंबटलेल्या सालीतून बुरशी शिरते.

माती, वाळू आणि चाळलेले गांडूळखत समभाग घेऊन पाच बाय सात इंची काळ्या पिशव्या भरा. तळाला भोके पाडलेली असावीत. काडीचा दोन तृतीयांश भाग मातीत जाईल आणि एक-दोन डोळे वर राहतील अशी लावून भोवतीची माती बोटांनी दाबा. रूटिंग हार्मोनची पावडर लावली तर चालेल, आखूड जांभळ्या जातीला तिची गरज पडत नाही. एक झाड हवे असेल तर पाच काड्या लावा.

पिशव्या सावलीत, पण उजेडात ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात आणि पाने येतात. इथे बरेच जण फसतात. ही पाने काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असतात, मुळांचा अजून पत्ता नसतो. या वेळी काडी हलवून पाहिली किंवा पिशवी उन्हात नेली तर दोन दिवसांत पाने लोळतात. मुळे धरायला तीन-चार आठवडे लागतात. कधी कधी एवढ्याशा काडीला तुतीही लागते. ती खुडून टाका, नाहीतर काडी सगळे बळ तिच्यात घालते. तीन महिन्यांनी रोप फूट-दीड फुटाचे झाले की कायमच्या जागी न्या.

जागा आणि कुंडी

रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. उत्तरेच्या गॅलरीत तुती जगेल, फळणार नाही.

पहिल्या वर्षी १२ इंची कुंडी पुरते, पुढे १८ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापला तर आणखी उत्तम. ओली मातीभरली १८ इंची कुंडी साठ किलोच्या घरात जाते, म्हणून गच्चीवर ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता खांब-तुळईच्या जवळ, विटांवर उचलून ठेवा. मिश्रण असे: चार भाग पोयटा किंवा तांबडी माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाडी वाळू, आणि कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती भरू नका. ती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळून मुळे तोडते. शेणखत कच्चे असेल तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते आणि रोप का मलूल झाले ते कळेपर्यंत मुळे संपलेली असतात.

जमिनीत लावायचे असेल तर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. भिंत, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याच्या नळापासून निदान दहा फूट दूर लावा, तुतीची मुळे पाण्याचा माग काढतात. सोसायटीत पार्किंगच्या डोक्यावर लावू नका. पिकलेली तुती गाडीवर पडली की शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात. कोकणात आणि गोव्यात जमीन उंच करून, वरंब्यावर लावावे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत कुंडीतल्या झाडावर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी.

छाटणी, म्हणजे फळाची किल्ली

तुतीचे फळ येते कुठे, हे कळले की बाकी सगळे कळते. मागच्या सहा-आठ महिन्यांत वाढून पक्व झालेल्या फांदीवर, पानांच्या बगलेत डोळे बसलेले असतात. हे डोळे फुटले की जी कोवळी फूट निघते तिच्या बुडाशी, पानांसोबतच, तुती लागते. म्हणजे फळासाठी दोन गोष्टी लागतात: पक्व फांदी, आणि तिच्यावरच्या डोळ्यांना जाग. जोवर शेंडा वाढतो आहे आणि फांदी पानांनी भरलेली आहे तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. थंड मुलखात हिवाळा पाने झडवून हे काम करतो. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, ते काम कात्रीने करावे लागते.

रेशीमशेतीत झाड जमिनीपासून हातभर ठेवून सपाट कापतात. त्यातून जोमदार पाला येतो, कारण जुन्या खोडावरच्या सुप्त डोळ्यांतून बहुधा नुसत्या पालेदार फुटी निघतात. पुष्कळ लोक व्हिडिओ पाहून घरची तुती डिसेंबरात तशीच बुडापासून कापतात आणि फळ धरणाऱ्या सगळ्या फांद्या कचऱ्यात टाकतात.

पहिले वर्ष आकाराचे. मुख्य खोड दोन-अडीच फुटांवर आले की शेंडा खुडा. बाजूने येणाऱ्यांपैकी चारी दिशांना जाणाऱ्या तीन-चार फांद्या ठेवा, बाकीच्या मुळातून काढा. या फांद्या दोन फुटांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे मारा.

दुसऱ्या वर्षापासून वर्षात दोन छाटण्या. मोठी छाटणी जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागताना. तेव्हा प्रत्येक फांदी बुडाशी तीन-चार डोळे राखून कापा. झाड खुंट्यासारखे उघडे दिसेल, दिसू द्या. पावसाळ्यात जोमाने नव्या फांद्या येतील, त्यांतल्या आठ-दहा चांगल्या ठेवा. याच फांद्या डिसेंबरपर्यंत पक्व होतात.

दुसरी छाटणी डिसेंबरच्या मध्यावर, आणि ती हलकी. आधी आठवडाभर पाणी निम्म्यावर आणा. मग प्रत्येक फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग कापा, म्हणजे बारीक, हिरवट राहिलेला शेंडा जाईल. आत वळलेल्या आणि काडेपेटीच्या काडीसारख्या बारीक फांद्या पूर्ण काढा. नंतर झाडावरचे एकूण एक पान उतरवा. पान ओढून तोडू नका, देठाबरोबर साल आणि डोळाही निघतो. कात्रीने पान कापून अर्धा सेंटीमीटर देठ राहू द्या, तो आठवड्यात आपोआप गळतो. कापलेल्या जागेतून पांढरा चीक येतो. तो कपड्याला चिकटतो आणि काहींना खाज आणतो, म्हणून हातमोजे घाला. छाटणीनंतर खत देऊन भरपूर पाणी द्या.

दहा ते पंधरा दिवसांत डोळे फुगतात. पानांबरोबर हिरव्या केसाळ बोंड्या दिसल्या की जिंकलात. तिथून फळ पिकायला सहा-सात आठवडे, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेर तोडणी. मार्च संपताना पुन्हा शेंडे मारून पाने उतरवली तर मे महिन्याच्या शेवटी आणखी एक बहर मिळतो. पण तो वळवाच्या पावसात सापडतो, फळ पाणचट होते आणि झाडही थकते. कुंडीतल्या झाडाकडून वर्षाला एकच चांगला बहर घ्यावा.

पाणी आणि खत

बोट दोन इंच मातीत घाला, कोरडे लागले तर पाणी द्या. हिरवी फळे असताना एक दिवस जरी कुंडी कडक वाळली तरी फळे पिवळी पडून गळतात. उलट फळे रंगू लागली की पाणी थोडे आखडते घ्या, गोडी वाढते. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाका.

खताचे गणित साधे आहे: पावसाळ्यात पाला वाढवायचा, हिवाळ्यात नाही. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १८ इंची कुंडीला दोन-तीन मुठी गांडूळखत आणि पन्नास ग्रॅम निंबोळी पेंड. ऑक्टोबरपासून हात आवरा. डिसेंबरच्या छाटणीला एक किलो शेणखत, मूठभर हाडांचा चुरा आणि अर्धी मूठ लाकडाची राख द्या. राख मर्यादेतच, कारण तुतीला साधारण ६.२ ते ६.८ सामू (मातीचा पीएच) मानवतो आणि राखेने तो वर चढतो. फळे धरल्यावर युरिया किंवा ताजी शेणस्लरी दिली की झाड फळे टाकून पाल्याच्या मागे लागते.

काय बिघडते

उन्हाळ्यात शेंड्याची पाने चुरगळून गुच्छासारखी होतात, गडद हिरवी आणि ठिसूळ पडतात, फांदी जागीच खुंटते. रेशीमशेतकरी याला तुक्रा म्हणतात. हा रोग वाटतो, पण तो पिठ्या ढेकणाचा उद्योग आहे. गुच्छ उलगडला तर आत पांढरा कापूस आणि गुलाबी किडे दिसतात. फवारणी आत पोचत नाही. गुच्छ कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पुरून टाका, नुसता फेकला तर कीड परत चढते. मग लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण मुंग्याच ढेकणांना राखतात. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावले की वाट बंद होते. ढालकिडे (ढेकूण खाणारे लेडीबर्ड) दिसले तर फवारणीच करू नका, ते तुमचे काम करत असतात.

पानांच्या खालच्या बाजूला पांढरी पावडर म्हणजे भुरी. दाट, वारा न खेळणाऱ्या झाडावर ती हटकून येते. फांद्या विरळ करा आणि पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पण कडक उन्हात नको, पाने करपतात, आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी होऊन दोन आठवडे झालेले असावेत. पावसाळ्यातले तपकिरी ठिपके आणि तांबेरा यांची फार काळजी नको, खालची पाने काढून जाळली की भागते. पाणी असूनही झाड दुपारी मान टाकत असेल तर कुंडी उपसून पहा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), मुळे काळी होऊन साल निघत असेल तर मूळकुज. दुसऱ्या प्रकारात झाड वाचवत बसण्यापेक्षा निरोगी फांदीच्या काड्या करून नव्या मातीत लावाव्यात. जवळपास रेशीम संगोपन चालत असेल तर कीटकनाशकाला हात लावू नका. वाऱ्याने गेलेला अंशही अळ्यांना पुरतो.

आणि बुलबुल. फळ लाल झाले की तो हजर. अर्धा इंची जाळी झाडावर घट्ट ताणून बांधा. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात.

तोडणी

लाल तुती पिकलेली नसते. ती आंबट-तुरट लागते, आणि कच्ची हिरवी फळे खाल्ली तर पोट बिघडते. जांभळ्या जातीचे फळ काळेभोर व्हावे आणि बोट लावताच हातात यावे. ओढावे लागले तर उद्या या. सगळी फळे एकदम पिकत नाहीत, तीन-चार आठवडे दिवसाआड सकाळी तोडणी चालते. लांब आणि पांढऱ्या जातींसाठी खाली जुनी चादर अंथरून फांदी हलवली तरी चालते.

तुती साठवायची नसते. फ्रिजमध्ये पसरट डब्यात, न धुता, दोन-तीन दिवस. जास्त असेल तर ताटात सुटी पसरून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. आधीच पिशवीत भरली तर गोळा होतो. खाण्याआधी पाच मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवा, बारीक फुलकिडे वर येतात, मग लगेच स्वच्छ पाण्यातून काढा.

तब्येतीला काय मिळते

शंभर ग्रॅम ताज्या तुतीत सुमारे ८८ ग्रॅम पाणी, ४३ कॅलरी, आठ ग्रॅम साखर, पावणेदोन ग्रॅम तंतू, ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १.८५ मिलिग्रॅम लोह आणि सुमारे १९५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. क जीवनसत्त्वाची बाजू भक्कम आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागते, मोठी वाटीभर तुतीत त्याचा बराच मोठा वाटा मिळतो. लोहाबद्दल मात्र जरा सबुरीने. फळाच्या मानाने ते चांगले आहे, पण स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे, म्हणून तुतीने रक्तक्षय बरा होतो या बोलण्यात अर्थ नाही. खरा उपयोग असा की क जीवनसत्त्व जेवणातले लोह शोषायला मदत करते. नाचणीची भाकरी आणि पालेभाजीच्या जेवणावर मूठभर तुती खा, आणि वर लगेच चहा घेऊ नका.

काळ्या-जांभळ्या रंगात अँथोसायनिन ही प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये असतात. पांढऱ्या तुतीत ती जवळजवळ नसतात आणि लाल, अर्धकच्च्या फळात कमी. उकळल्यावर त्यांचा बराच भाग नष्ट होतो, त्यामुळे तब्येतीसाठी खायची तर ताजी किंवा गोठवलेली खावी. गाळलेल्या रसात तंतू जातात आणि साखर राहते.

मधुमेहाच्या संदर्भात ज्याची चर्चा असते ते फळ नव्हे, पान. पानात डीऑक्सिनोजिरीमायसिन नावाचे द्रव्य असते. आतड्यात पिष्टाची साखर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते अडवते, म्हणून जेवणानंतरची साखर हळू चढते. अकार्बोज, वोग्लिबोज या गोळ्या याच मार्गाने काम करतात. म्हणूनच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना पानांचा चहा आपल्या मनाने सुरू करू नये, साखर खाली जाऊ शकते. गर्भवतींनी आणि स्तनदा मातांनी तो टाळावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे फळाचेही प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

चहा करायचाच तर शेंड्याकडून तिसरे ते सहावे पान घ्या, न फवारलेल्या झाडाचे. धुऊन बोटभर पट्ट्या कापा, सावलीत कडकडीत वाळवा, तव्यावर मंद आचेवर हिरवा वास जाईपर्यंत परता. एक चहाचा चमचा पाने, कपभर गरम पाणी, पाच मिनिटे झाकण.

जास्तीच्या फळांचा जाम करताना एक किलो तुतीला सहाशे ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. तुतीत पेक्टिन, म्हणजे जाम घट्ट करणारे द्रव्य, कमी असते, लिंबाशिवाय जाम बसत नाही. स्टीलचे पातेले वापरा, लोखंडी कढईत रंग काळपट होतो. कपड्यावर डाग पडला तर आधी साबण लावू नका, साबणाने तो निळा होऊन बसतो. लिंबाचा रस चोळा, दहा मिनिटे ठेवा, गार पाण्याने धुवा, आणि साबण त्यानंतर.